एमबीबीएस झालं, आता सर्जरीची सीट लागेल का? वावर विकायच्या आधी हा हिशोब मांडा

घनसावंगी (वार्ताहर) : "पोरगं डॉक्टर झालं ना, मग आता पुन्हा कशाची परीक्षा?" गावात पारावर बसलं की हा प्रश्न हमखास येतो. ज्याच्या घरात एमबीबीएस झालेलं लेकरू आहे त्याला उत्तर देता देता नाकी नऊ येतात. माझ्या थोरल्या भावाच्या घरात हे सगळं घडलं. पुतण्याला सर्जन व्हायचं होतं. पहिल्या निकालाच्या वेळी दादांनी पेढे वाटले, आणि दोन महिन्यांनी दोन एकर मोसंबीची बाग विकायची बोलणी सुरू झाली. मधल्या काळात जे शिकलो ते आज लिहितोय. आपल्या आठही तालुक्यांत असे आई-बाप आहेत, आणि पुढं जास्तच होणार आहेत. जालन्यात सरकारी मेडिकल कॉलेज २०२४ मध्ये सुरू झालं. तिथली पहिली पोरं २०३० च्या सुमारास एमबीबीएस होऊन बाहेर पडतील. तेव्हा हा प्रश्न त्यांच्याही दारात उभा राहील.

एमबीबीएसनंतर पुढं काय असतं?

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. एवढ्यावर डॉक्टर ताप-खोकला, शुगर-बीपी बघू शकतो. पण अपेंडिक्सचं ऑपरेशन, हर्निया, मोडलेलं हाड, सिझेरियन यासाठी पुढं तीन वर्षांचं एमएस लागतं. पोटाची वगैरे जनरल सर्जरी, हाडांची ऑर्थो, बायकांच्या आजारांची गायनिक, कान-नाक-घसा आणि डोळे या शस्त्रक्रियेच्या मुख्य शाखा. मेंदू, प्लास्टिक सर्जरी, मूतखडा-किडनी यासाठी एमएसनंतर आणखी तीन वर्षांचं एमसीएच. त्याची परीक्षा पुन्हा वेगळी.

वयाचा हिशोब बघा. अठराव्या वर्षी प्रवेश मिळाला तर साडेतेविसाव्या वर्षी एमबीबीएस. सरकारी कॉलेजातून शिकलं तर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड, म्हणजे साडेचोवीस. लगेच सीट लागली तर साडेसत्ताविसाव्या वर्षी एमएस. त्यानंतरचा एक वर्षाचा बाँड धरला तर साडेअठ्ठावीस. एमसीएच करायचं ठरलं तर साडेएकतीस. यात एकही वर्ष वाया गेलेलं धरलेलं नाही. लग्न, बहिणीचं शिक्षण, कर्जाचे हप्ते, सगळं या कॅलेंडरवर बसवून बघा.

सगळा खेळ एका पेपरवर

अमेरिकेत डॉक्टरला अशी जागा हवी असेल तर दवाखाने मुलाखत घेतात, शिफारसपत्रं बघतात, मग दोन्हीकडच्या पसंतीच्या याद्या जुळवतात. १९५२ पासून तिथं तशी पद्धत आहे. आपल्याकडं तसं काही नाही. हात किती चांगला चालतो, पेशंटशी कसा बोलतो, कॉलेजात कितवा आला, हे कुणी विचारत नाही. नीट-पीजी हा एकच पेपर आणि त्यातली रँक. २०२५ मध्ये हा पेपर ३ ऑगस्टला झाला. २०० प्रश्न, साडेतीन तास, एकूण ८०० गुण. बरोबर उत्तराला ४, चुकीला १ वजा. त्या साडेतीन तासांवर पुढचं आयुष्य ठरतं.

एम्स, चंदीगडचं पीजीआय, पुद्दुचेरीचं जिपमेर यांच्यासाठी आयएनआय-सीईटी नावाची वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते. नागपूरचं एम्सही त्यातच येतं. अभ्यास तोच असतो, त्यामुळं हा फॉर्म भरायला विसरू नका. एक जास्तीची संधी मिळते.

पर्सेंटाईलनं आम्ही फसलो

पुतण्याला पहिल्या वेळी ८६ पर्सेंटाईल मिळाले. दादांना वाटलं, शंभरातले शहाऐंशी! दहावीला एवढे पडले असते तर गावात बॅनर लागला असता. पेढे वाटले ते त्यामुळं.

पण पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. ८६ पर्सेंटाईल म्हणजे परीक्षा देणाऱ्या शंभरातले ८६ जण तुमच्या मागं आणि १४ पुढं. २०२४ मध्ये ही परीक्षा २ लाख १६ हजारांहून जास्त डॉक्टरांनी दिली. त्याचे १४ टक्के काढा. तीस हजार डॉक्टर पुढं उभे! ९५ पर्सेंटाईल मिळाले तरी साडेदहा हजारांच्या वर लोक पुढं असतात. ९९ असले तरी दोन हजारांच्या वर. म्हणून निकाल आला की पर्सेंटाईल बघू नका, रँक बघा.

दुसरा घोळ 'पात्र' या शब्दाचा. मूळ नियमानं खुल्या प्रवर्गाला ५० आणि राखीवला ४० पर्सेंटाईल लागतात. पण जागा रिकाम्या राहतात म्हणून हा आकडा खाली आणतात. २०२३ मध्ये तो चक्क शून्यावर आणला होता. २०२४ च्या परीक्षेसाठी जानेवारी २०२५ मध्ये खुल्याला १५ आणि राखीवला १० केला. म्हणजे पात्र ठरणं म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी. रिकाम्या राहतात त्या जागा बहुतेक शरीररचना, जीवरसायन अशा शाखांच्या नाहीतर महागड्या खासगी कॉलेजांच्या असतात. सरकारी कॉलेजातली सर्जरीची सीट कुणासाठी रिकामी बसलेली नसते.

जागा वाढल्या, मग मिळत का नाहीत?

सरकारनं संसदेत सांगितल्याप्रमाणं देशात पीजीच्या जागा २०१४ पूर्वी ३१ हजार होत्या, त्या आता ७३ हजारांच्या वर गेल्या. आकडा मोठा दिसतो. पण तो सगळ्या शाखा, सगळी राज्यं, सरकारी-खासगी मिळून आहे.

समजा, एखाद्या सरकारी कॉलेजात जनरल सर्जरीच्या दहा जागा आहेत. त्यातल्या निम्म्या, म्हणजे पाच, ऑल इंडिया कोट्यात जातात. त्यासाठी देशभरातली पोरं येतात. उरलेल्या पाच राज्य कोट्याच्या. त्या पाच वेगवेगळ्या प्रवर्गांत वाटल्या की एका प्रवर्गाच्या वाट्याला एखादी-दुसरी सीट येते, कधी तीही नाही. आपण कॉलेजचा बोर्ड बघून 'दहा जागा' म्हणतो, पण आपल्या लेकराच्या कामाची त्यातली एकच असते.

मग चान्स किती, हे कसं काढायचं?

यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. मोबाईल, वही आणि एक रविवार पुरे.

पहिलं काम : मागच्या तीन वर्षांच्या याद्या काढा. राज्याचे प्रवेश सीईटी सेल करतं, ऑल इंडियाचे एमसीसी. दोघांच्याही वेबसाईटवर कोणत्या फेरीत, कोणत्या कॉलेजात, कोणती शाखा, कोणत्या प्रवर्गाला किती रँकपर्यंत मिळाली याच्या याद्या असतात.

दुसरं काम : फक्त आपला प्रवर्ग आणि आपली शाखा बघा. शेवटची रँक वहीत उतरवा. एका वर्षावर जाऊ नका, तिन्ही वर्षं शेजारी शेजारी लिहा. राज्याच्या मेरिट यादीतला नंबर आणि देशपातळीची रँक हे दोन वेगळे आकडे आहेत. त्यांची सरमिसळ झाली की सगळा हिशोब बोंबलतो.

तिसरं काम : आपली रँक त्याशेजारी ठेवा. समजा, मुलीची रँक १८ हजार आहे. एका कॉलेजात तिच्या प्रवर्गाची सर्जरी तीन वर्षांत २१, १९ आणि २२ हजारांवर थांबली. मग आशा चांगली आहे. दुसऱ्या कॉलेजात १६, १९ आणि १७ हजार. इथं काठावर, नशिबाचा भाग. तिसरीकडं ११, १२, १० हजार. इथं नाव जरूर भरा, पण त्या भरवशावर राहू नका. अशा तीन रांगा केल्या की चित्र स्वच्छ दिसतं. पहिल्या रांगेत पाच-सहा कॉलेजं आली तर निवांत राहा. एकही आलं नाही तर आत्ताच दुसरा विचार सुरू करा.

परीक्षा अजून व्हायची असेल तर सराव परीक्षांवरून अंदाज काढा. पण सगळ्यात चांगला आकडा धरू नका. एका वर्षी कापसाचा उतारा एकरी भरघोस आला म्हणून आपण दरवर्षीचं कर्ज त्यावर काढतो का? शेवटच्या पाच-सहा सराव परीक्षांची सरासरी घ्या. ती चढती आहे, उतरती आहे की तिथंच घोटाळतेय, तेही बघा. खऱ्या परीक्षेत थोडं कमीच पडेल असं धरून चाला.

कागदं नसतील तर रँकही वाया

रँक चांगली असून कागदाअभावी सीट गेली, असं व्हायला नको. राज्य कोट्यात राखीव जागेसाठी जात वैधता लागते. ओबीसी, विजा-भज, एसईबीसी यांना चालू नॉन-क्रीमिलेअरही लागतं. 'अर्ज केलाय, पावती आहे' यावर विसंबू नका. इंटर्नशिप चालू असतानाच फाईल तयार ठेवा.

ऑल इंडिया कोट्याचं गणित वेगळं. तिथं केंद्राच्या यादीतली जात आणि केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. एसईबीसी फक्त राज्यापुरतं आहे, ऑल इंडियात त्याचा उपयोग नाही. केंद्राच्या ईडब्ल्यूएससाठी उत्पन्न आठ लाखांच्या आत हवंच, शिवाय कुटुंबाची शेती पाच एकरांपेक्षा कमी हवी. आपल्याकडं कोरडवाहू सात-आठ एकरवाला गरीबच असतो, पण कागदावर तो यात बसत नाही. हे आधी तपासा.

आणखी एक. २९ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की पीजी मेडिकलला केवळ 'या राज्याचा रहिवासी' म्हणून आरक्षण देता येणार नाही. ज्या राज्यात एमबीबीएस केलं तिथं मर्यादेत प्राधान्य मात्र चालतं. त्यामुळं जन्म भोकरदनचा असला तरी एमबीबीएस कुठून केलं याला वजन आहे. रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्सहून शिकून आलेल्यांना आधी एफएमजीई पास व्हावं लागतं. ती ३०० प्रश्नांची असते, १५० बरोबर यावे लागतात. त्यानंतर इथली इंटर्नशिप आणि मगच नीट-पीजी. परदेशी पाठवतानाच ही दोन-तीन वर्षं धरून ठेवा.

पसंतीक्रम भरताना

यादीत सगळ्यात वर तेच टाका जे खरंच हवंय. 'वर टाकलं आणि नाही लागलं तर खालचंही जाईल' ही भीती खोटी आहे. कॉम्प्युटर वरून खाली बघत येतो आणि रँकला जे पहिलं मोकळं सापडेल ते देतो. पण जिथं जायचंच नाही ते कॉलेज भरू नका. ऑल इंडियाच्या पहिल्या फेरीत सीट सोडली तर नुकसान नाही. पुढच्या फेऱ्यांत डिपॉझिट जातं. शेवटच्या स्ट्रे फेरीत लागलेली सीट घेतली नाही तर पुढच्या परीक्षेला बंदीसुद्धा येते. फेरीगणिक नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात. ती पुस्तिका पोरासोबत बसून एकदा पूर्ण वाचा.

एजंटाचा फोन

आमच्याकडं निकालानंतर तिसऱ्या दिवशी फोन आला. "सर्जरीची सीट करून देतो, टोकन आज टाका." पोराचं नाव, रँक, गाव सगळं त्याला माहीत होतं. दादा पार हलून गेले. त्याच आठवड्यात बागेला गिऱ्हाईक बघायला सुरुवात झाली.

मंडळी, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. २०१७ पासून खासगी आणि अभिमत कॉलेजांच्या जागाही सामाईक समुपदेशनातूनच भरतात. नीट-पीजीच्या रँकशिवाय 'डायरेक्ट' असं काही नाही. खासगीत मॅनेजमेंट आणि एनआरआय कोटा असतो, तिथं कमी रँकला सीट लागते आणि फी लाखांत असते. पण तीही ऑनलाईन फॉर्म भरूनच मिळते, तिची फी जाहीर असते आणि पैसे कॉलेजच्या खात्यात पावतीनं जातात. वरचे पैसे मागणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. टोकन मागणारा माणूस कुणाच्याही ओळखीचा असो, फोन ठेवून द्या.

सीट नाही लागली तर?

आधी अंतर मोजा. हवी ती शाखा एक-दोन हजार रँकनं हुकली असेल, सराव परीक्षेत आकडे चढत होते, ऐन वेळी आजारपण आलं असेल, तर एक वर्ष थांबणं शहाणपणाचं. पण वीस हजारांचं अंतर असेल आणि आकडे वर्षभर तिथंच थांबलेले असतील, तर 'अजून एकदा' म्हणायच्या आधी दहा वेळा विचार करा. तिसऱ्या वेळी पोराचा जीव त्यात उरत नाही. तो घरात गप्प राहायला लागतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

डीएनबी हाही रस्ता आहे. मोठ्या दवाखान्यांत आणि काही जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांचं शिक्षण मिळतं. रँक तीच, नीट-पीजीची. पदवी शासनमान्य आहे. बरेच जण तिच्याकडं दुर्लक्ष करतात, तुम्ही करू नका.

थांबायचंच असेल तर नुसतं खोलीत बसून थांबण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँडचं वर्ष करत अभ्यास करणं बरं. पगार येतो, बाँड फिटतो आणि खरे पेशंट बघायला मिळतात.

आणि एक प्रश्न पोराला एकांतात विचारा : सर्जन तुला व्हायचंय की आम्हाला तुला करायचंय? सहा-सहा तास उभं राहणं, रात्र रात्र जागणं, टेबलावर पेशंट गेला तर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगणं. ज्याला हे मनापासून हवंय तोच ते निभावतो. आजकाल पहिल्या रँकांची बरीच पोरं रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग घेतात. त्यात कमीपणा काही नाही.

आमचं काय झालं?

वर सांगितलेला वहीचा हिशोब आम्ही एका रात्री दादांच्या ओसरीवर बसून केला. सर्जरीच्या सगळ्या शेवटच्या रँका एका बाजूला आणि तीस हजार दुसऱ्या बाजूला. दादा बराच वेळ वहीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बाग राहू द्या." पुतण्यानं आरोग्य केंद्रात बाँडचं वर्ष काढलं, रात्री अभ्यास केला. दुसऱ्या वेळी ९१ पर्सेंटाईल आले, रँक एकोणीस हजारांच्या आसपास. सर्जरी त्याही वेळी हुकली. वहीत तिसऱ्या रांगेत होती, म्हणून कुणाला धक्का बसला नाही. दुसऱ्या फेरीत त्याला सरकारी कॉलेजात भूलशास्त्र मिळालं. त्यानं एक रात्र मागितली आणि सकाळी 'घेतो' म्हणाला.

परवा दिवाळीला आला होता. मी म्हटलं, "सर्जन व्हायचं राहिलंच की रे." तो हसला. "काका, तालुक्याच्या दवाखान्यात सर्जन असला तरी भूल देणारा नसला तर पेशंटला घाटीलाच पाठवतात. टेबलाच्या एका बाजूला तो उभा असतो, दुसऱ्या बाजूला मी."

बाग अजून आहे. यंदा आंबे बहार बरा धरलाय.